आयकॉनमागचा राखाडी चौकोन

आधीच सांगून टाकतो, हा लेख बोटाच्या नखाएवढ्या एका चित्राबद्दल आहे. ज्यांना पाऊस, राजकारण किंवा क्रिकेट वाचायचं असेल त्यांनी आजचा दिवस माफ करावं. घरच्या मंडळींनीही "हा पुन्हा कॉम्प्युटरचं काहीतरी सांगत बसलाय" म्हणून लगेच उठून जाऊ नये. भांडण माझं वाटत असलं तरी मी ते तुमच्या बाजूनं भांडतो आहे. कसं ते हळूहळू येईलच.

तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर वर किंवा खाली एक पट्टी असते. घड्याळ, आवाज, बॅटरी, इंटरनेट चालू की बंद, हे सगळं तिथे दिसतं. लिनक्सवाले तिला पॅनेल म्हणतात आणि तिच्यात बसणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रॅमना ॲपलेट. ग्नोम नावाच्या डेस्कटॉपची दुसरी पिढी २००२ मध्ये आली आणि २०११ पर्यंत चालली. त्या काळात असं ॲपलेट कोणालाही स्वतः लिहिता यायचं, तेही पायथॉनसारख्या सोप्या भाषेत. फक्त एक अडचण हमखास यायची. आपण छान पारदर्शक आयकॉन बनवायचा, पट्टीवर ठेवायचा, आणि त्याच्यामागे एक राखाडी चौकोन दिसायचा. पांढऱ्याशुभ्र शर्टाला मागून ठिगळ लावावं तसा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. चित्रामागे काय दिसावं हे बघणं पट्टीचं काम आहे, चित्र आणणाऱ्याचं नाही. हे काम पट्टी बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं चित्र आणणाऱ्याच्या गळ्यात घातलं. आणि ते नीट करता येण्याजोगे दिवस आले, तेव्हा चित्र आणणाऱ्यालाच दाराबाहेर काढलं. वर त्याला नाव दिलं 'सोपेपणा'. मला हे मान्य नाही.

आता पारदर्शक चित्र म्हणजे नेमकं काय ते बघू. कॉम्प्युटरवरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमुल आणि ॲल्व्ही रे स्मिथ यांनी त्याला चौथा आकडा जोडला. हा ठिपका किती 'आहे' आणि किती 'नाही' हे सांगणारा. त्याला अल्फा म्हणतात. शून्य म्हणजे ठिपका नाहीच, २५५ म्हणजे पूर्ण भरीव, मधले आकडे म्हणजे कमीजास्त विरळ. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी चित्रं एकमेकांवर कशी ठेवायची याचं गणित मांडलं, आणि तेच गणित आजही सगळीकडे चालतं. आहे अगदी साधं. वरच्या ठिपक्याचा जितका वाटा, तितका वरचा रंग; उरलेला वाटा खालच्या रंगाचा. ताकात पाणी घालण्याइतकं सोपं.

यातली मेख लक्षात घ्या. हे गणित करायला खाली कोणता रंग आहे हे माहीत असावं लागतं. नुसतं वरचं चित्र हातात असून भागत नाही. दिव्याच्या चित्राची गोल कड गुळगुळीत दिसावी म्हणून कडेचे ठिपके अर्धवट पारदर्शक ठेवतात. ते निळ्यावर ठेवले तर निळसर दिसले पाहिजेत, काळ्यावर ठेवले तर काळसर. जुन्या जिफ चित्रांत ही सोय नव्हती. ठिपका एक तर आहे, नाहीतर नाही. म्हणून त्यांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसायच्या. ऑक्टोबर १९९६ मध्ये पीएनजी हा प्रकार अधिकृतपणे आला आणि त्यानं पूर्ण अल्फा दिला. म्हणजे चित्र बनवणाऱ्यानं आपल्या वाट्याचं काम चोख करून ठेवलं. आता ते कशावर ठेवायचं आहे हे ज्याला माहीत, त्यानं पुढचं बघायचं. बरोबर ना?

ज्यांनी त्या दिवसांत आपल्या ब्लॉगचं टेम्प्लेट हातानं सजवलं असेल, त्यांना याचा सख्खा भाऊ आठवत असेल. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये पारदर्शक पीएनजी टाकलं की मागे असाच एक मळकट चौकोन उमटायचा. मग लोक काय काय करायचे! त्या ब्राउझरपुरता एक खास फिल्टर लावायचा, त्याची चार ओळींची मंत्रपुष्पांजली पानात घालायची, किंवा सरळ पानाच्या रंगाचीच पार्श्वभूमी असलेलं चित्र बनवायचं. म्हणजे पानाचा रंग बदलला की सगळी चित्रं पुन्हा करा. हा त्रास संपला कधी? २००६ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि ब्राउझरनं स्वतः अल्फा समजून घेतला तेव्हा. जगभरच्या पानं लिहिणाऱ्यांनी आपापले उपाय जास्त हुशारीनं केले म्हणून तो संपला नाही. ज्याचं काम होतं त्यानं केलं, आणि प्रश्न एका दिवसात सगळ्यांसाठी मिटला.

पट्टीच्या बाबतीत मात्र गाडी उलट्या दिशेनं गेली.

विंडोजमध्ये १९९५ पासून घड्याळाशेजारी आयकॉन ठेवता येतो. तिथे करार असा आहे: तुम्ही चित्र द्या, पट्टी ते रंगवेल. तुमच्या प्रोग्रॅमला पट्टीच्या आत शिरावं लागत नाही. २००१ मध्ये विंडोज एक्सपीनं अल्फा असलेले आयकॉन घ्यायला सुरुवात केली. पट्टी निळी असो की रुपेरी, चित्र देणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

लिनक्सवर जुन्या एक्स विंडो सिस्टिममध्ये करार वेगळा होता. चित्र घेतलं जायचं नाही, अख्खी खोली दिली जायची. तुमच्या प्रोग्रॅमची एक छोटी खिडकी उचलून पट्टीच्या पोटात बसवायची. ही खिडकी नावालाच खिडकी, कारण तिला काच नाही. एक्समधली साधी खिडकी म्हणजे स्वतःचा रंग असलेला भरीव चौकोन. तिच्यात तुमचं पारदर्शक चित्र काढलं की ते अगदी व्यवस्थित मिसळायचं, पण मिसळायचं त्या खिडकीच्याच रंगात. आणि तो रंग थीमचा, म्हणजे बहुतेक वेळा राखाडी. गणित बरोबर, चित्र बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, तरीही पट्टीवर ठिगळ. नवशिक्याला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. तो बिचारा आयकॉन पुन्हा पुन्हा नव्यानं बनवत बसायचा.

बरं, पट्टी तरी खरी पारदर्शक होती का? तर तेही नाही. ग्नोम २ मध्ये पॅनेलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिला पारदर्शक करता यायचं. पण ती मागच्या वॉलपेपरचा तेवढाच तुकडा कापून आपल्या अंगावर रंगवून घ्यायची आणि पारदर्शक असल्याचा आव आणायची. एखादी खिडकी तिच्यामागे सरकवली तर ती दिसायची नाही, वॉलपेपरच दिसायचा. याला चक्क खोटी पारदर्शकता असंच म्हणायचे. आता पट्टीनं सोंग घेतलं, तर तिच्या पोटातल्या प्रत्येक ॲपलेटनंही तेच सोंग घ्यायला हवं. ते कसं? पट्टी ॲपलेटला निरोप पाठवणार की पार्श्वभूमी बदलली. निरोप तीन प्रकारचा: काही खास नाही, अमुक एक रंग, किंवा हे घे चित्र. मग पायथॉनमध्ये तुम्ही तो निरोप ऐकायचा, आधीची सगळी सजावट पुसायची, रंग असेल तर रंग लावायचा, चित्र असेल तर आपल्या स्टाइलची नक्कल काढून तिच्या पार्श्वभूमीच्या जागी ते चित्र बसवायचं आणि ती नक्कल पुन्हा स्वतःला लावायची. म्हणजे पाहुण्यानं घरी येताना यजमानाच्या भिंतीच्या रंगाचा शर्ट घालून यायचं. यजमानानं भिंत रंगवली की पाहुण्यानं शर्ट बदलायचा.

एवढं करूनही चौकोन गेला नाही, तर? मग गुन्हेगार बहुधा इव्हेंट बॉक्स. आयकॉन आणि लेबल यांना स्वतःची खिडकी नसते, ते आपल्या आईबापांच्या खिडकीवरच रंगवले जातात. पण आयकॉनवर क्लिक ओळखायचा असेल तर त्याला इव्हेंट बॉक्समध्ये गुंडाळावं लागायचं, आणि या बॉक्सला स्वतःची खिडकी असते. म्हणजे भरीव चौकोनाच्या आत आणखी एक भरीव चौकोन. उपाय एका ओळीचा: बॉक्सला सांगायचं की तुझी खिडकी दिसू देऊ नकोस. जीटीकेमध्ये ही सोय २००४ पासून होती. पण ती हवी आहे हे कळायला अर्धी रात्र जायची, कारण चौकोन दिसायला तसाच्या तसा. तो बाहेरच्या खिडकीचा की आतल्या, हे कपाळावर लिहिलेलं नसायचं.

आणि आता या सगळ्यातली गंमत ऐका. पुढे पॅनेलच्या लायब्ररीतच एक सोय आली. पार्श्वभूमी कोणत्या घटकावर चढवायची ते एकदा सांगा, बाकीचं आम्ही बघतो. पायथॉनमध्येही ती होती. वर सांगितलेली सगळी कसरत एका ओळीत. म्हणजे हे काम पट्टीच्या बाजूनं करणं शक्य होतं! मग तोवर प्रत्येक ॲपलेटवाल्यानं तीच कसरत आपापल्या घरी का केली? कोणी विचारलं नाही म्हणून. फुकट राबणाऱ्यांचा वेळ कोणी मोजत नाही.

मी या गोष्टीवर एवढा का चिडतो, त्याला कारण आहे. २००७ च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. घरच्यांना आठवतच असेल, आमच्याकडे दिवस त्याच वेळापत्रकावर चालायचा. पाण्याची मोटर, गिरणी, इस्त्री, बाबांचं टायपिंग, सगळं त्यावर. तेव्हा मी पट्टीसाठी एक दिवा लिहिला होता. पायथॉनच्या साठेक ओळी. वेळापत्रक एका साध्या फाइलमध्ये. वीज जायला तास असेल तेव्हा दिवा पिवळाधमक. अर्धा तास उरला की तो हळूहळू विरळ व्हायला लागायचा, अल्फा २५५ वरून खाली खाली. वीज जायच्या वेळेला नुसती पुसट आकृती. बाबांना पॅनेल म्हणजे काय, पायथॉन म्हणजे काय, काही सांगावं लागलं नाही. दिवा फिकट झाला की ते फाइल सेव्ह करायचे आणि चहा टाकायला उठायचे.

हे करायला पारदर्शकताच हवी होती. मागे राखाडी चौकोन असता तर विरळ होणारा दिवा म्हणजे चौकोनावरचा डाग दिसला असता. तेव्हा आयकॉनची पारदर्शकता ही चैन आहे, दिखाऊपणा आहे, असं कोणी म्हणालं की मला तो दिवा आठवतो. त्या चित्रात जो काही अर्थ होता, तो त्या चौथ्या आकड्यातच होता.

आता पुढचा इतिहास. २००४ मध्ये एक्सच्या नव्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींत मिसळायची यंत्रणा आली. २००६ मध्ये कॉम्पिझ आलं आणि लोकांचे डेस्कटॉप घनाकृती फिरायला लागले, खिडक्या पापडासारख्या थरथरायला लागल्या. म्हणजे खरीखुरी पारदर्शकता आता हाताशी होती. सोंगाची गरज संपत आली होती. अशा वेळी काय व्हायला हवं होतं? पट्टीनं म्हणायला हवं होतं, "बाबांनो, आता तुम्ही फक्त चित्र द्या." झालं काय? ६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३ आलं आणि त्याच्या नव्या पट्टीत ॲपलेटना जागाच नव्हती. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये, ३.२६ आवृत्तीत, जुन्या पद्धतीच्या ट्रे आयकॉनसाठी डाव्या कोपऱ्यात उरलेली शेवटची फळीही काढली. डिसेंबर २०२० मधल्या जीटीके ४ मध्ये तर ट्रे आयकॉन बनवायचं साधनच वगळलं.

आणि हे काही एकट्या ग्नोमनं केलं असं नाही. केडीईच्या प्लाझ्मा ४ मध्ये पायथॉनमधून पट्टीवरचे विजेट लिहिता यायचे. २०१४ मध्ये प्लाझ्मा ५ आलं आणि ती वाट बंद झाली. तिथेही आता क्यूएमएल शिका. दोन मोठी घराणी एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण पायथॉनवाल्याला बाहेर काढण्यात त्यांचं एकमत झालं.

समोरच्या बाजूचं म्हणणं मला माहीत आहे, आणि ते वेडगळ नाही. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्ये मांडलेला मुद्दा प्रसिद्ध आहे: प्रत्येक जादा पर्यायाची किंमत असते, ती कोणीतरी मोजतं. हे अगदी खरं. जुनी ॲपलेट बोनोबो नावाच्या जडजंबाल यंत्रणेवर चालायची, हेही खरं. साध्या दिव्यासाठी वेगळी नोंदणीची फाइल लिहा, तिच्यात लांबलचक ओळखक्रमांक द्या, मग फॅक्टरी, मग ॲपलेट. ती यंत्रणा गेली याचं मला काडीचं दुःख नाही. प्रत्येक कंपनीनं आपला रंगीबेरंगी आयकॉन पट्टीत घुसवून तिची भाजीमंडई केली होती, हेही खरं. आणि नव्या वेलँडमध्ये एका प्रोग्रॅमची खिडकी दुसऱ्याच्या पोटात बसवायचा तो जुना एक्सचा मार्गच नाही, तेव्हा जुनी पद्धत जाणारच होती.

पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? की खोली देणं बंद करा, चित्र घ्या. बस. असा करार लिहिलेलाही आहे. केडीईकडून आलेला, आणि २०१० मध्ये उबुंटूनं १०.०४ आवृत्तीत आपल्या पद्धतीनं उचललेला. प्रोग्रॅम आयकॉनचं नाव किंवा अल्फासकट ठिपके डी-बसवरून पाठवतो, पट्टी ते आपल्या भिंतीवर आपल्या हातानं रंगवते. ना खोली, ना राखाडी चौकोन. पायथॉनमधून आजही तो वापरता येतो. पण ग्नोमनं तो करार स्वतःच्या घरात कधी घेतला नाही. उबुंटूला तो आपल्या बाजूनं एक एक्स्टेंशन जोडून पुरवावा लागतो. म्हणजे उत्तर टेबलावर होतं, आणि तरीही दार लावलं.

"पण एक्स्टेंशन आहेत ना!" हो, आहेत. आणि इथेच मला त्यांचा युक्तिवाद सगळ्यात लंगडा वाटतो. जुनी ॲपलेट कोसळायची, पट्टीला त्रास द्यायची, ही तक्रार होती ना? ते ॲपलेट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालायचं. ते मेलं तर पट्टी विचारायची, "हे अचानक बंद पडलं, परत सुरू करू का?" आणि आपण 'हो' म्हणायचो. नवं एक्स्टेंशन थेट शेलच्या पोटात, त्याच प्रोसेसमध्ये चालतं. त्यानं गोंधळ घातला तर अख्खं शेल अडखळतं, आणि वेलँडवर शेल कोसळलं तर तुमचं चालू काम त्याच्याबरोबर जातं. सुरक्षिततेसाठी भाडेकरूला बाहेर काढलं आणि मग स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारी झोपायला जागा दिली, असला हा प्रकार. शिवाय ते लिहायचं जावास्क्रिप्टमध्येच. आणि आपण कोणत्या आवृत्तीवर चालतो हे त्यात लिहायचं, ती यादी नव्या आवृत्तीबरोबर वाढवत राहायची. आणि आवृत्ती येते दर सहा महिन्यांनी. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ आलं तेव्हा एक्स्टेंशनचे कोडचे तुकडे जोडण्याची पद्धतच बदलली, आणि जुनं प्रत्येक एक्स्टेंशन हातानं दुरुस्त करावं लागलं. हा सोपेपणा नेमका कोणासाठी?

माझा भाचा अकरावीत आहे. त्याला शाळेत पायथॉन आहे. आजीच्या गोळ्यांची वेळ झाली की पट्टीवर गोळीचं चित्र ठळक व्हावं आणि गोळी घेतल्यावर ते विरून जावं, अशी त्याची कल्पना. (कल्पना घराण्यातच आहे, दुसरं काय!) मला म्हणाला, "मामा, पायथॉनमधून त्या वरच्या पट्टीवर चित्र कसं टाकायचं?" आता बघा, शाळेनं त्याला भाषा शिकवली आहे. चित्र त्यानं स्वतः काढलं आहे. वेळ कधी झाली हे ठरवणारं गणित दहा ओळींचं आहे. फक्त ते चित्र ठेवायला जागा मिळत नाही. मुलानं पहिल्यांदा लिहिलेली गोष्ट काळ्या टर्मिनलमध्ये एक ओळ छापून गडप होते. तीच पट्टीवर दिवसभर दिसत राहिली, आजीनं तिच्याकडे बघून गोळी घेतली, तर तो मुलगा पुन्हा काहीतरी लिहील. प्रोग्रॅमिंग शिकवायचे क्लास गल्लोगल्ली निघाले आहेत, पण शिकलेलं मांडायला घरात एक खुंटी नाही.

आणि ही खुंटी सगळ्यात जास्त लागते ती आपल्यासारख्यांना. ज्यांची गरज कोट्यवधींची आहे, त्यांचं काम कोणीतरी कंपनी करून देते. हवामान, शेअरबाजार, ईमेल, सगळं तयार मिळतं. आजची तिथी, घरचं भारनियमन, गावच्या नळाला पाणी यायची वेळ, आजीच्या गोळ्या, हे कोण करून देणार? ज्याची गरज लहान, त्याला ते स्वतःच करावं लागतं. हाताशी असलेल्या भाषेत, रविवारच्या एका दुपारी. म्हणून छोट्या प्रोग्रॅमची वाट बंद केली की नुकसान मोठ्या कंपन्यांचं होत नाही, त्यांच्याकडे माणसं आहेत, ते जावास्क्रिप्टमध्ये, क्यूएमएलमध्ये, हवं त्यात लिहून घेतील. नुकसान होतं रविवारच्या दुपारवाल्याचं. "फार थोडे लोक ॲपलेट लिहितात" हे कारण देऊन दार लावलं जातं. अहो, थोडेच लिहितात. पण त्या थोड्यांमागे त्यांचे बाबा असतात, आजी असते, शेजारी असतो. ते कोणत्या मोजणीत आले?

ग्नोम २ च्या काळात हे थोडे लोक काय करून गेले तेही बघा. २००६ मध्ये २.१४ आवृत्तीत आलेली डेस्कबार ही शोधपट्टी पायथॉनमध्ये लिहिलेली होती. २००८ मध्ये २.२४ मध्ये आलेलं, दिवसाचा हिशेब ठेवणारं हॅमस्टर हे ॲपलेटही पायथॉनमध्येच. ही दोन्ही ग्नोमच्या अधिकृत पंगतीत बसली होती. आज हॅमस्टरला पट्टीवर यायचं असेल तर मुख्य प्रोग्रॅम पायथॉनमध्ये आणि पट्टीवरचा तुकडा वेगळा, जावास्क्रिप्टमध्ये. एका घराची दोन घरं झाली.

"मग करायचं काय, एक्स परत आणायचं?" असं कोणी विचारील. मुळीच नाही. रस्ता लहान पॅनेलवाल्यांनी केव्हाच दाखवला आहे. एक्सएफसीईमध्ये जेनमॉन नावाचा एक साधा प्लगइन आहे. तो तुमची कोणतीही स्क्रिप्ट ठरावीक वेळानं चालवतो. स्क्रिप्टनं जे छापलं ते पट्टीवर दाखवतो, चित्राच्या फाइलचा पत्ता छापला तर चित्र दाखवतो. स्क्रिप्ट पायथॉन असो, पर्ल असो, नुसती शेलची असो. वेलँडवरच्या वेबारमध्येही अशीच कोणतीही कमांड बसवता येते. मॅकवर एक्सबार हेच करतं. आणि मॅकच्या मेनूबारची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे आयकॉन 'टेम्प्लेट' म्हणून दिला तर त्यातला फक्त अल्फा बघितला जातो. रंग मेनूबार स्वतः देतो. पट्टी उजळ असेल तर काळा, गडद असेल तर पांढरा. म्हणजे पाहुण्यानं नुसतं यायचं, शर्टाचं आम्ही बघू. ग्नोमच्या स्वतःच्या सिम्बॉलिक आयकॉनमध्येही हाच विचार आहे, पट्टीच्या रंगाप्रमाणे ते रंग घेतात. स्वतःच्या घरच्यांसाठी ज्यांना हे सुचतं, त्यांना पाहुण्यांसाठी सुचायला काय हरकत होती?

माझ्या मागण्या मोजून तीन आहेत. एक, पट्टीनं चित्र घ्यावं आणि आपल्या भिंतीवर आपणच रंगवावं. खाली काय आहे हे तिलाच माहीत आहे. दोन, चित्र कोणत्या भाषेतल्या प्रोग्रॅमनं दिलं याची चौकशी करू नये. तीन, हा करार एकदा ठरला की दर सहा महिन्यांनी मोडू नये. यात कुठलाही जादा पर्याय नाही, कुठलंही जादा बटण नाही. उलट यालाच मी सोपेपणा म्हणतो. वापरणाऱ्याच्या डोळ्यासमोरचे बटण कमी करणं हा अर्धा सोपेपणा. करणाऱ्याच्या वाटेतले धोंडे उचलणं हा उरलेला अर्धा.

तोवर ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांच्यासाठी. एक्सएफसीईवर जेनमॉन वापरा, दहा मिनिटांत चित्र पट्टीवर येईल. ग्नोम २ ची वंशावळ चालवणाऱ्या माटेवर पायथॉनमधून अजूनही अस्सल ॲपलेट लिहिता येतं. उबुंटूवर असाल तर इंडिकेटरचा रस्ता आहे, चित्र आणि मेनू एवढ्यावर भागत असेल तर तो पुरतो. जुनं पायजीटीके शोधत बसू नका, त्याचा विकास २०११ मध्येच थांबला आणि ते ज्या पायथॉन २ वर चालायचं, त्याचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. चित्र पीएनजी किंवा एसव्हीजी ठेवा. आणि मागे राखाडी चौकोन दिसलाच, तर आयकॉन पुन्हा काढत बसण्याआधी विचारा, हा चौकोन नक्की कोणाचा आहे. बहुतेक वेळा तो तुमचा नसतो.

भाच्याला मी जेनमॉन लावून दिलं आहे. गोळी आता ठळक होते आणि विरते. आजीचं म्हणणं, चित्र जरा मोठं हवं. त्यावर सध्या मामा-भाच्याची बैठक चालू आहे. तुमच्यापैकी ग्नोमच्या बाजूनं कोणाला भांडायचं असेल त्यांनी खुशाल यावं, चहा मी टाकतो.